सेल्फ मारायच्या आधी

(आपल्या मंडळाच्या छंदांवरच्या कार्यक्रमात केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले होते, "तुम्ही कम्प्युटरवाले, तुम्ही एआयवर बोला." मी म्हटलं, एआयवर बोलायला आता एआयच आहे, मला माझ्या बंद पडलेल्या गाडीवर बोलू द्या. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. आमच्या सौभाग्यवती इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्या चेहऱ्याकडे बघा म्हणजे गंमत होती की नाही ते कळेल.

गाडी आहे पोर्श ९४४, मॉडेल १९८४. आता पोर्श म्हटल्याबरोबर काही भुवया वर गेल्या. कृपया खाली आणा. ही पोर्शची त्यातल्या त्यात मध्यमवर्गीय गाडी. १९८२ ते १९९१ या काळात बनली. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन दोन्हीकडे जवळजवळ सारखं आणि वळणावर चालवायला झकास. इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मॉडेलला १४३ हॉर्सपॉवर. आज तुमच्या दारातली कॅमरी सिग्नलवर हिला सहज मागे टाकेल. हेडलाइट बटण दाबलं की डोळे वटारून वर येतात, म्हणून आमची मुलगी तिला 'बेडूक' म्हणते. शेजारचे एक गृहस्थ रिटायर होऊन फ्लोरिडाला निघाले, त्यांच्याकडून मी ती २०२१ मध्ये घेतली. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. अहो-जाहो करायला हवं खरं म्हणजे.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला गेलो होतो. परत येऊन किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं फिरतंय, घर्र घर्र घर्र, पण धरत नाही. मी काय केलं? आपण सगळे जे करतो तेच. फोन काढला, डॅशबोर्डचा व्हिडिओ घेतला आणि मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवला. हा व्हिडिओ लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे. पाऊण तासाने, कोथिंबीर पार माना टाकून बसल्यावर, गाडी आपोआप सुरू झाली. घरी आलो. असं आणखी दोनदा झालं, दोन्ही वेळा गाडी चांगली तापलेली असताना. मग एका सकाळी आमच्या ड्राइव्हवेमध्येच ती कायमची बसली.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. बँकांच्या सिस्टिम रात्री-अपरात्री कोसळतात तेव्हा मला उठवतात. गेली बारा वर्षं मी लोकांना तीन वाक्यं ऐकवत आलोय. आधी लॉग बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि कालपासून तुम्ही काय बदललंत ते खरं सांगा. तर या तीन वाक्यांच्या धन्याने स्वतःच्या गाडीचं काय केलं ते ऐका. बॅटरी बदलली. स्पार्क प्लग बदलले. इग्निशन कॉइल बदलली. किल्ली 'ऑन' केल्यावर मागून पेट्रोल पंपाचा आवाज येत नाही असं लक्षात आलं, म्हणून दोन शनिवार गाडीखाली झोपून पंप बदलला. कुठेतरी वाचलं की हिचे सेन्सर जातात, म्हणून त्यांचे प्लग काढले, साफ केले, परत लावले. एकूण खर्च ६८० डॉलर. गाडी ढिम्म. टो करणारा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, पार्टसाठी देणार असशील तर सांग.

त्या वर्षी आमचे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मे महिन्यापासून आमच्याकडे होते. अण्णा साताऱ्याचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३५ वर्षं काढली. इंजिनांच्या आवाजात आयुष्य गेलं, त्यात कान गेले. मशीन लावतात, पण लावलं की कटकट होते म्हणून खिशात ठेवतात. इथे आल्यावर माणसाचं काय होतं ते तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील येऊन गेलेत त्यांना सांगायला नको. पहिला महिना कौतुकाचा. मग हळूहळू बोलणं कमी झालं. ऑक्टोबरमध्ये तर दिवसातून तीनदा अंगणातली पानं गोळा करायचे. एकदा हिला म्हणाले, "इथं माझ्यावाचून काही अडत नाही गं." ही रात्री मला सांताना रडली.

आणि एवढं असून मी त्यांना गाडीला हात लावू दिला नव्हता. खरं सांगतो, मनात होतं की हे डिझेलचे मेकॅनिक, डिझेलला स्पार्क प्लग नाही, कम्प्युटर नाही, यांना यातलं काय कळणार? त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा "बघतो मी अण्णा, तुम्ही बसा" म्हटलं.

२४ ऑक्टोबरला दसरा होता. आदल्या दिवशी खंडेनवमीला अण्णांनी माझा पान्ह्यांचा सेट आणि मल्टिमीटर पाटावर मांडून पूजा केली. एसटीच्या डेपोत हा दिवस केवढा मोठा असतो ते त्यांच्याकडून ऐकावं. दसऱ्याला हिच्या होंडाला हार घातला, आणि मग अण्णा दुसरा हार घेऊन बेडकाकडे गेले. बंद गाडीला झेंडूचा हार! समोरच्या अमेरिकन बाईंना वाटलं गाडी वारली. तिने मला थांबवून सांत्वन केलं.

अण्णांचं परतीचं विमान रविवारी, २९ तारखेला. शनिवारी सकाळी सात वाजता खाली आलो तर अण्णा माझं जुनं जाकीट आणि कानटोपी घालून गाडीपाशी उभे. म्हणाले, "जावईबापू, आज एक दिवस माझं ऐका."

मी किल्ली फिरवायला बसलो तर त्यांनी हात धरला. "सेल्फ मारायचा न्हाई! हिचा टायमिंगचा पट्टा कधी बदललाय?"

मला माहीत नव्हतं. शेजाऱ्याने "बदललाय" असं म्हटलं होतं, पावती नव्हती. आता हा पट्टा काय प्रकार आहे ते सांगतो, कारण संबंध प्रकरणात खरा धोका हाच होता. खाली पिस्टन वर-खाली करतात, वर व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, आणि दोघांची वेळ दातेरी रबरी पट्टा जुळवून ठेवतो. या गाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत येऊन जातात, फक्त वेगवेगळ्या वेळी. मुंबईतल्या एका खोलीत दोन पाळ्यांचे भाडेकरू राहतात तसं. पट्टा तुटला किंवा चार दात घसरला की दोघे एकाच वेळी खोलीत. व्हॉल्व्ह वाकतात, आणि त्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. हा पट्टा दर तीस हजार मैलांनी किंवा तीन-चार वर्षांनी बदलावा असं या गाड्यांचे जाणकार सांगतात. आणि मी तीन आठवडे, पट्टा कुठल्या अवस्थेत आहे ते न बघता, रोज सकाळ-संध्याकाळ सेल्फ मारत होतो. तो घसरलेला असता तर मीच माझ्या हाताने इंजिन मोडलं असतं. अण्णांनी हे मला ओरडून नाही सांगितलं. दोन्ही हातांच्या बोटांनी व्हॉल्व्ह आणि पिस्टन करून दाखवले आणि बोटं एकमेकांवर आपटली.

प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. क्रँकच्या बोल्टला पाना लावून सरळ दिशेने हळूहळू फिरवलं. फ्लायव्हीलवर 'ओटी' अशी जर्मन खूण असते, पहिला पिस्टन अगदी वर आल्याची, ती मागे एका छोट्या खिडकीतून दिसते. ती जुळवली आणि पुढे कॅमच्या चाकाची खूण बघितली. जुळत होती. आणखी दोन पूर्ण फेरे दिले, कुठे अडकलं नाही, खूण पुन्हा तिथेच आली. पट्टा जुना दिसत होता, पण जागेवर होता. तेव्हा कुठे अण्णा म्हणाले, "आता मारा."

मारला. इंजिन जोरात फिरलं. म्हणजे बॅटरी, स्टार्टर ठीक. जुनी बॅटरीही ठीकच होती हे आता तुम्हाला सांगायला हरकत नाही.

"हे यंत्र ठरवतं कोण?" अण्णांनी विचारलं. डिझेलला पंप आणि नोझल, तिथे कोणाला विचारायचं नसतं. मी त्यांना सांगितलं, हिला एक कम्प्युटर आहे. बॉशने बनवलेला, त्याचं नाव डीएमई, म्हणजे डिजिटल मोटर इलेक्ट्रॉनिक्स. १९८४ च्या मानाने नवलाची गोष्ट. ठिणगी केव्हा आणि पेट्रोल किती हे दोन्ही तोच ठरवतो. पण स्वतःचं दुखणं सांगत नाही. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा नाही, स्कॅनर लावायला जागा नाही. आता आपण जे कोड वाचतो ती सोय अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती १९९६ च्या मॉडेलपासून.

"मग त्याला कसं कळतं इंजिन फिरतंय?"

मंडळी, बारा वर्षांत माझ्या एकाही क्लायंटने इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. मी सांगितलं, फ्लायव्हीलपाशी दोन सेन्सर आहेत. एक दात मोजतो, फ्लायव्हीलला १३२ दात आहेत. दुसरा फेऱ्यातून एकदा एका ठरावीक खुणेला खूण करतो. पहिल्यावरून वेग कळतो, दुसऱ्यावरून इंजिन कुठे आहे ते कळतं. यातला एक जरी गप्प बसला तर कम्प्युटरच्या मते इंजिन फिरतच नाही. मग ठिणगी नाही आणि पेट्रोलही नाही.

हे बोलताना माझ्या तोंडचं वाक्य माझ्याच कानात शिरलं. पेट्रोलही नाही! म्हणजे नुसती किल्ली ऑन केल्यावर पंप वाजायलाच नको. हिच्या होंडात किल्ली ऑन केली की पंप क्षणभर गुणगुणतो, म्हणून मी धरून चाललो होतो की इथेही तसंच. पण या गाडीत इंजिन फिरतंय अशी खात्री पटल्याशिवाय कम्प्युटर पंपाला वीज देतच नाही. अपघातात इंजिन बंद पडलं तर पंपाने पेट्रोल ओतत बसू नये, हा त्यातला शहाणपणा. म्हणजे पंपाचा आवाज न येणं ही बिघाडाची खूणच नव्हती. २४० डॉलर आणि दोन शनिवार!

सेन्सरचं काम चाललंय की नाही हे बघायची एक फुकटची युक्ती आहे. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघायचं. काटा जरासा फडफडला तर सेन्सरची खबर कम्प्युटरपर्यंत पोचतेय आणि तो ठिणगी टाकतोय. मी सेल्फ मारला, अण्णा काट्यावर नजर लावून. काटा मेल्यासारखा.

"सेन्सर गेले," मी म्हटलं आणि फोन काढला. नवीन मागवायला. कितीही शिकवा, बाळ पुन्हा चिखलातच.

अण्णा म्हणाले, "पहिल्या दिवशी काटा हालत होता का?"

आता मला काय माहीत? आणि मग आठवलं. व्हिडिओ! ओक ट्री रोडचा, डॅशबोर्डचा! व्हॉट्सॲपवर शोधला, मोठा करून बघितला. घर्र घर्र घर्र, आणि काटा स्पष्ट फडफडतोय. माझ्याकडे लॉग होता, मंडळी. तीन आठवडे खिशात होता.

अण्णांनी फोन मला परत दिला आणि शांतपणे विचारलं, "तवापासून तुम्ही काय काय बदललंत?"

माझंच वाक्य. व्याजासकट परत.

सेन्सरचे दोन्ही प्लग इंजिनच्या मागच्या बाजूला शेजारी-शेजारी असतात, दिसायला जुळे भाऊ. उष्णतेने प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. मी आरसा आणि टॉर्च घेऊन बघितलं. वायरिंगच्या बाजूला अक्षरं आहेत, एकावर 'डीजी', एकावर 'बीजी'. जर्मन आहेत, डीजी म्हणजे वेगाचा, बीजी म्हणजे खुणेचा. मी साफ करून परत लावताना अदलाबदल केली होती. म्हणजे मूळ बिघाड तसाच, आणि त्याच्यावर माझा स्वतःचा दुसरा बिघाड. आमच्या धंद्यात असं कोणी केलं तर त्याला मीटिंगमध्ये उभं करतात.

प्लग सरळ केले. सेल्फ मारला. काटा फडफडला! स्पार्क टेस्टर लावून बघितलं, कडक निळी ठिणगी. (ही ठिणगी वायर हातात धरून बघू नका. आणि पेट्रोलच्या वासाजवळ तर नकोच. अग्निशामक बाहेर काढून ठेवला होता.) पण गाडी अजून सुरू होत नव्हती. म्हणजे आता आम्ही पहिल्या दिवसाच्या जागी परत आलो होतो. ठिणगी आहे, पेट्रोल नाही. साडेअकरा वाजले होते. ही दारात येऊन म्हणाली, बॅगा भरायच्या आहेत. अण्णांनी मशीन खिशातच ठेवलं होतं, त्यांना ऐकू आलं नाही. निदान तसं दाखवलं.

पंप नवा, फ्यूज शाबूत. मध्ये राहिला रिले. स्टिअरिंगच्या डावीकडे डॅशबोर्डखाली काड्यापेटीहून थोडा मोठा डबा असतो, तो एकाच वेळी दोन कामं करतो. कम्प्युटरला वीज देतो, आणि कम्प्युटरने सांगितलं की पंपाला. या गाड्या पाळणाऱ्या लोकांत तो फार प्रसिद्ध आहे. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन आतल्या डागांना, म्हणजे सोल्डरला, केसाएवढ्या चिरा पडतात. तापला की चीर उघडते, निवला की टेकते. कोथिंबिरीच्या दिवशी पाऊण तासाने गाडी का सुरू झाली, ते आता कळलं.

मी म्हटलं, नवा रिले आणू. अण्णा म्हणाले, "आधी सिद्ध करा." रिले उपसून काढला, की गाडी ऑफ ठेवून तिथल्या सॉकेटमध्ये ३० नंबर आणि ८७बी नंबर हे दोन टोक फ्यूज लावलेल्या वायरने जोडायचे. मग मधला माणूस काढून टाकून बॅटरी थेट पंपाला. रिले सोडून बाकी सगळं ठीक असेल तर पंप वाजेल. पण मी डॅशबोर्डखाली उलटा लटकलेला, आणि पंप पार मागे. आवाज ऐकायला अण्णा. मी ओरडलो, "अण्णा, मशीन लावा कानाला!"

त्यांनी नाही लावलं. मागे जाऊन, सत्तरीचा माणूस, थंडगार सिमेंटवर आडवा झाला, जाकिटाची बाही वर करून हात आत घातला आणि पंपावर पंजा ठेवला. "द्या!"

मी वायर टेकवली.

"आला! थरथरला! सोडा. द्या परत. आला!" पाच-सहा वेळा मला करायला लावलं. सहाव्यांदा गरज नव्हती, पण मी केलं.

आता रिले कुठे मिळणार शनिवारी दुपारी? मी ग्लोव्ह बॉक्समधून गाडीचं पुस्तक काढायला गेलो आणि तिथे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक डबा हाताला लागला. दोन वर्षं तिथे होता. शेजाऱ्याने किल्ली देताना सांगितलंही होतं, "धिस स्टेज विथ द कार," आणि मी मान डोलावली होती. रिले! या गाडीचे जुने जाणते मालक एक जादा रिले ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवूनच फिरतात, हे मला ६८० डॉलर घालवल्यावर कळलं.

लावला. सेल्फ मारला. दुसऱ्याच फेऱ्याला गाडी सुरू झाली. झेंडूचा सुकलेला हार बोनेटवर थरथरायला लागला. अण्णांनी बोनेटवर हात सपाट ठेवला, डोळे मिटले, आणि एवढंच म्हणाले, "एक नंबर प्लग जरा मागं आहे." तो तसा होता. घाईत नीट आवळला नव्हता.

मग त्यांना शेजारी बसवून आमच्या गल्लीला तीन चकरा मारल्या. बेडकाचे डोळे वर-खाली करून दाखवले. तिसऱ्या चकरेला स्वतःहून कान-मशीन लावलं. संध्याकाळी किचनच्या टेबलावर जुना रिले उघडून भिंगातून दाखवला. डागाभोवती अंगठीसारखी गोल चीर. अण्णांनी माझ्या सोल्डरिंग आयर्नने स्वतः डाग दिला, हात जराही हलला नाही. तो आता ग्लोव्ह बॉक्समध्ये, वर्तमानपत्रात. फक्त वर्तमानपत्र आता साताऱ्याचं आहे, त्यांच्या बॅगेतल्या लोणच्याच्या बरणीला गुंडाळलेलं होतं ते.

साताऱ्याला पोचल्याचा फोन आला तेव्हा खुशाली वगैरे हिच्याशी बोलले. मग फोन माझ्याकडे. "पट्टा बदलला का?" दर रविवारी हाच प्रश्न. जानेवारी २०२४ मध्ये बदलून घेतला. काढलेल्या पट्ट्याचे दात मुळाशी चिरलेले होते. त्याचा फोटो पाठवला, पावतीचाही पाठवला. उत्तरात अंगठा आला आणि खाली लिहिलेलं, "पावती गाडीत ठेवा."

तर चहा झाल्यावर ज्यांना बघायची असेल त्यांनी पार्किंगमध्ये या. बटाटेवड्याच्या स्टॉलच्या मागे उभी आहे. सुरू नाही झाली तर धक्का मारायलाही माणसं लागतीलच.